रंजका आणि लोकांच्या वाट्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एके काळी आमची स्वतःची भांडी कमी आणि लोकांच्या वाट्या जास्त होत्या. पितळेच्या, काशाच्या, जर्मनच्या, कडा चेपलेल्या. कुठली कुणाची हे मला पाठ झालं होतं आणि पाठ झालं होतं याचाच मला संताप यायचा. मी काढायला गेले होते धंदा आणि सुरू झालं होतं ते वाट्यांचं येणंजाणं. इतकी वर्षं झाली, तरी तो प्रकार आठवला की माझं डोकं अजून तापतं. सून म्हणते, जाऊ द्या हो आता. पण कसं जाऊ द्या?

धंदा रंजक्याचा. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडावर पिकून लाल झालेल्या ओल्या मिरच्या, लसूण, मीठ, जराशी भाजलेली मेथी, हिंग आणि लिंबाचा रस हे सगळं पाट्यावर वाटायचं, बरणीत भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि मुरू द्यायचं. पाण्याचा थेंब लागता कामा नये. ठेचा केला की लगेच खाता येतो, रंजक्याला दम धरावा लागतो. मग भाकरीवर रंजका आणि रंजक्यावर लोणी. कोल्हापुरात तिखट खाणाऱ्यांना तोटा नाही, पण हा रंजका मूळचा खालच्या अंगाचा, निपाणी-संकेश्वराकडचा. आमच्या घरी तो आक्कांच्या हातून आला.

आक्का म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना निपाणीकडं दिलं होतं. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. काही वर्षं दिराच्या घरात काढून त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा नुकतंच संस्थान विलीन झालं होतं. हे दरबारच्या कचेरीत कारकून होते. कचेरी एकदम मुंबई सरकारची झाली, पण टेबल तेच, शाईची दौत तीच आणि ह्यांचा स्वभावही तोच. घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा त्या स्वभावाचा मुख्य भाग.

आक्कांच्या बोलण्यात दोनच शब्द फार होते. घेऊ का? "वैनी, कपभर च्या घेऊ का?" "वैनी, साबण घेऊ का?" जेवायला बसल्यावर "वैनी, आनी अर्धी भाकरी घेऊ का?" मी त्यांच्यापेक्षा वयानं लहान, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. मला अगदी कानकोंडं व्हायचं. मी म्हणायची, अहो घ्या की, घर तुमचंच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी वाटलं, ही त्यांची रीत असेल. मग लक्षात आलं की ही सवय कुणीतरी लावलेली आहे, आणि ती लावायला बरीच वर्षं लागली असणार. मग तर मला त्या दोन शब्दांचा इतका राग यायला लागला की मी त्यांनी विचारायच्या आधीच त्यांच्या ताटात भाकरी टाकायची. तर त्या म्हणायच्या, "एवढी नगो हुती वैनी."

दुसरी गोष्ट याहून वाईट. नात्यात कुणाचंही बाळंतपण निघालं, कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न ठरलं की सगळ्यांना आक्कांची आठवण यायची. "आक्का काय, रिकाम्याच हाईत की." माणूस यायचा, आक्का दोन लुगडी गाठोड्यात बांधायच्या आणि त्याच्या मागून मोटारीत जाऊन बसायच्या. परत यायच्या त्या वाळून, हाताला भेगा पडलेल्या. जाता का, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. साबणासाठी परवानगी मागणारी बाई, ती कसली नाही म्हणणार? माझ्या मनानं घेतलं की यांच्या हाताला स्वतःचं असं काहीतरी काम पाहिजे. एकदा तरी यांच्या तोंडून 'मला वेळ नाही' हे शब्द जगातल्या एका माणसानं ऐकले पाहिजेत. मला दुसरं काही नको होतं.

मोटार स्टँडजवळ एकाची खानावळ होती. तो गृहस्थ कचेरीच्या कसल्याशा कामासाठी आमच्याकडे आला आणि ह्यांनी अर्थातच त्याला जेवायला बसवलं. आता खानावळवाल्याला कशाला जेवायला बसवायचं? पण बसवलं. त्यानं रंजका बोटानं चाखला, मग भाकरी आडवी मोडून त्याच्याशीच खाल्ली. कपाळाचा घाम उपरण्यानं पुसला आणि म्हणाला, "वैनी, ह्यो इकत मिळंल काय? माझ्याकडं तालमीतली पोरं जेवत्यात. त्येस्नी कायबी तिखट लागत न्हाय. ह्यो लागंल."

दाराआड आक्का उभ्या होत्या. तो गेल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "इकत? रंजका काय इकायचा जिन्नस हाय व्हय, वैनी?" पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी तोवर बघितलं नव्हतं. मी म्हटलं, हाय. माझ्याकडे भिशीचे पैसे होते, ते मी काढले.

संक्रांतीचे दिवस होते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात संकेश्वरच्या मिरच्यांच्या पाट्या उतरल्या होत्या. आक्का बाजारात निराळ्याच बाई झाल्या. मिरची मोडून वास घ्यायच्या, बी बघायच्या, विकणाऱ्याला तोंडावर सांगायच्या की तुझी मिरची रातभर पाण्यात हुती. मी मागे पिशवी धरून उभी. घरी आल्यावर एकेक मिरची कोरड्या फडक्यानं पुसायची, देठं खुडायची, उन्हात पसरायची. मग पाटा. वाटायला लागलं की सगळी आळी खोकायची आणि खोकता खोकता दारात येऊन बघायची. संध्याकाळी हाताची अशी आग व्हायची की आम्ही दोघी ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायचो. तेवढा वेळ मात्र छान जायचा. त्यातच आक्का पहिल्यांदा सासरचं काहीबाही सांगायला लागल्या.

आणि मग मी माती खाल्ली. खानावळीसाठी बरणी होती, पण आळीतल्या गिऱ्हाइकांना देणार कशात? मी जुन्या बाजारातून काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्या आणल्या. त्या औषधाच्या निघाल्या. राखेनं घासल्या, उन्हात ठेवल्या, लिंबाची सालं घालून ठेवली, तरी उघडली की दवाखाना. कशाबशा दोन-तीनच कामाच्या निघाल्या. म्हणून मी मोठ्या हुशारीनं सगळीकडे सांगितलं, ज्यांना रंजका पाहिजे त्यांनी आपापलं भांडं घेऊन या.

आमच्याकडे शेजारणीची वाटी उंबऱ्याच्या आत आली की तो व्यवहार राहत नाही. तो वानवळा होतो. शेतात नवं काही आलं, घरात काही चांगलं केलं, की शेजारी चवीपुरतं द्यायचं, त्याला वानवळा म्हणतात. आणि ती वाटी परत करताना रिकामी करायची नाही, काहीतरी घालून द्यायची. हे मला काय माहीत नव्हतं? मी काय विलायतेतून आले होते? जन्म त्यात गेला होता. पण धंद्याच्या भरात ते डोक्यातच आलं नाही.

पहिली शेजारीण वाटी घेऊन आली. आक्कांनी वाटी शीग लावून भरली. ती म्हणाली, "उद्या येतो की वैनी," आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली ती वाटीत काकवी घेऊन. म्हणाली, "गुऱ्हाळाची हाय, ताजी." मी म्हटलं, आणि पैसे? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच तिच्या घरात चोरी केली. "पैसं कसलं वैनी? आपल्या आपल्यात बरं दिसतंय व्हय ते?"

मग रीघ लागली. पेरू आले, हुरडा आला, ओल्या शेंगा आल्या, गूळ आला, मळ्यातली वांगी आली. काकवी इतकी आली की मुंग्यांनी भिंतीवरून रस्ताच पाडला. एका बाईंनी तर कोंबडा आणून अंगणात बांधला. त्या कोंबड्याला कापायचं कुणाच्या जिवावर येईना, आणि तो पहाट व्हायच्या आधीच ओरडून मला उठवायचा, म्हणजे मला धंद्याची काळजी करायला जास्त वेळ मिळायचा. मी ठरवलं, वाट्या रिकाम्या परत करायच्या, म्हणजे समजेल यांना. तर आळीत बोलणं झालं की कचेरीवाल्यांच्या वैनीस्नी रीत न्हाय. काय करावं माणसानं? पैसे मागितले तर रीत नाही, न मागितले तर धंदा नाही. आक्का मात्र म्हणायच्या, "कुनी का हुईना, खात्यात न्हवं चवीनं?" त्यावर मी कपाळाला हात लावायची, आणि हात मिरचीचा असायचा.

एकटा खानावळवाला सरळ माणूस. त्यानं बरणी नेली, पैसे दिले आणि संपल्यावर पुन्हा आला. ते पैसे मी आक्कांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, नुसते मुठीत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "वैनी, ह्ये कुठं ठेवू?" मी म्हटलं, तुमचे आहेत, तुम्हाला वाटेल तिथं ठेवा. त्यांनी साखरेचा एक रिकामा डबा शोधला आणि फळीवर त्या लोकांच्या वाट्यांच्या मागे ठेवला. मला वाटलं, जमलं आता.

चार दिवसांनी खानावळवाला दारात आला तो पडेल चेहऱ्यानं. "वैनी, माजं काय चुकलं काय? रंजका द्यायचा न्हाय व्हय आता?" मला काही कळेना. मी विचारलं, असं का म्हणता? तर म्हणाला, "सायेब काल खानावळीत आल्ते. माजं पैसं त्येंनी परत दिलं. म्हनले, पावणं, घरचा रंजका हाय, त्येचं पैसं कसलं घ्यायचं?"

त्या संध्याकाळी हे कचेरीतून आल्यावर टोपी काढायच्या आत मी सुरू झाले. इतकी चिडले होते की माझ्या तोंडून शब्द धड निघत नव्हते. हे आधी हसले. मग म्हणाले, "ओरडतीस कशाला? चार लोकांत आपली काय अब्रू हाय का न्हाय? आक्कानं मला कडंवर घेऊन वाढीवलंय. तिनं वाटलेल्या मिरचीचं पैसं बाजारात घेतलं तर लोक काय म्हनतील? बहिणीला पाट्यावर बसवून भाऊ खातोय म्हनतील."

"पैसे तुम्ही कुठे खाताय? ते त्यांचे आहेत."

"लोकांना काय म्हाईत ते?"

"आणि बाळंतपणं काढायला पाठवता तेव्हा? तेव्हा नाही काही म्हणत लोक?"

"त्ये नात्यातलं असतंय," हे म्हणाले.

अगदी शांतपणे म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे बघून मला रडूच आलं. फुकट राबली तर मान, आणि कामाचं मोल घेतलं तर बेअब्रू! चांगला माणूस. कुणाला वाईट बोलणार नाही, बहिणीवर जीव. आणि इतकं साधं त्याला कळू नये! आक्का आत मिरचीची देठं खुडत होत्या. त्यांचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाट्याकडे गेल्याच नाहीत. मिरचीची पाटी तशीच भरलेली. मी म्हटलं, आक्का, मिरच्या मऊ पडतील. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वैनी. त्येला न्हाय आवडत." आणि जरा वेळानं, "वैनी, डोस्कं दुखतंय, वाईच पडू का?" पडायचीसुद्धा परवानगी! मी सतरंजी अंथरून दिली. तोंड उघडलं असतं तर ओरडले असते.

आणखी एक दिवस गेला. रविवार आला, हे घरीच होते. पाटीतल्या मिरच्यांना वास सुटायला लागला होता. मी पदर खोचला आणि स्वतः पाट्यावर बसले. रंजक्याचं प्रमाण मला येत नव्हतं. मेथी भाजताना लक्ष चुलीकडे नव्हतं, ह्यांच्याकडे होतं. मीठ अंदाजानं टाकलं. वरवंटा दामटला तर बी उडून डोळ्यात गेलं आणि मी शहाणीनं तोच हात डोळ्याला लावला. मी अशी किंचाळले की अंगणात कोंबडाही ओरडला. चाचपडत मोरीत गेले, डोळ्यावर पाणी मारलं, बराच वेळ मारलं. परत आले तर आक्का पाट्यावर बसलेल्या. मान खाली, वरवंटा चालू. "करपीवली की हो मेथी," त्या म्हणाल्या. "आनी मीठ हाय का मिठागर?"

त्याच वेळी बाहेर कुणाचा तरी आवाज आला. आक्कांचे धाकटे दीर निपाणीच्या मोटारीनं आले होते. बाहेरच्या सोप्यात ह्यांच्याशेजारी बसले, पाणी प्याले आणि मुद्द्यावर आले. "आमच्या थोरलीचं बाळंतपन हाय. घरात मानूस न्हाय. वैनीस्नी न्यायला आलोय. दोन-चार म्हैनं."

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, हे निदान म्हणतील की आक्काला विचारून बघतो. हे म्हणाले, "न्या की पावणं. इचारायचं काय त्यात?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पाहुणा रिकाम्या हातानं कसा जाणार? हे उठून आत आले, माझ्याकडे न बघता फळीवरची एक बाटली उचलली. कामाच्या निघालेल्या बाटल्यांपैकी ती शेवटची, आधीच्या वाटणातल्या मुरलेल्या रंजक्यानं भरलेली. बाहेर नेऊन ती दिरापुढे धरली. "ह्यो घ्या. आक्काच्या हातचा हाय. मोटारीत सांडू नका म्हंजे झालं."

वरवंटा थांबला. आक्का उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले, एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी. आक्कांचे हात मनगटापर्यंत लाल होते. त्यांनी बाटलीला हात लावला नाही. नुसता उजवा तळहात ह्यांच्यापुढे धरला.

"पैसं दे," त्या म्हणाल्या.

ह्यांना कळलंच नाही. "कसलं?"

"बाटलीचं. पावण्याला तू देतोयास न्हवं? दे की. पर इकत घेऊन दे."

"आगं आक्का, घरचंच हाय की."

"मिरची वैनीची. वाटनार मी. तुजं काय हाय त्यात?"

ह्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी मध्ये बोलेन म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, गिऱ्हाईक तुम्ही. तेव्हा हे खुंटीकडे गेले, कोटात हात घातला आणि पैसे काढून त्या लाल तळहातावर ठेवले. त्यांचा कान लाल झाला होता. आक्कांनी मूठ मिटली. मग दिराकडे वळल्या.

"भावजी, मी येत न्हाय. मिरची आलीया. मला येळ न्हाय."

"येळ न्हाय?" दीर म्हणाले. त्यांनी ते शब्द असे उच्चारले की जणू इंग्रजीतले असावेत.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "बाळतिणीला डिंकाचं लाडू करून धाडतो. तेवढं करतो." आणि आत येऊन पुन्हा पाट्यावर बसल्या. वाटण संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

दीर चहा घेऊन बाटलीसकट दुपारच्या मोटारीनं गेले. (पुढे खानावळीत बरणी पोचवायला हेच जायला लागले आणि पैसे आणून न बोलता त्या साखरेच्या डब्यात टाकायला लागले. आळीतल्या वाट्या मात्र शेवटपर्यंत काकवीच आणत राहिल्या, त्यांच्यापुढे मी हात टेकले.)

ह्यांचं जेवण झाल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. माझा डोळा अजून चुरचुरत होता, करपलेल्या मेथीचा वास घरभर भरला होता आणि सगळ्या जगावर चिडायचं माझं अजून संपलं नव्हतं. आक्कांनी एक भाकरी खाल्ली. मग टोपलीत हात घालून दुसरी घेतली, अर्धी नाही, अख्खी. तिच्यावर रंजका घेतला. मग लोण्याचं भांडं पुढे ओढलं आणि त्यातलं जवळजवळ सगळं लोणी भाकरीवर काढून घेतलं.

मला इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना, आणि अशा वेळी मला एकच करता येतं. मी खेकसले, "अहो आक्का, सगळंच घेतलंत! उरलेलं तरी मी घेऊ का?"

"घ्या की," आक्का भाकरी मोडत म्हणाल्या. "इचारताय काय?"